राखाडीची दुसरी बाजू

११ फेब्रुवारी

थोरल्या साडूंना चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून सगळ्यांचा नमस्कार.

तुमच्याशी फोनवर बोलणं आता माझ्याने होत नाही. मागच्या आठवड्यात मी सांगितलं की आपल्या लाडक्या बँडची चौकडी निवृत्त होतेय, पेपरात छापून आलंय. त्यावर तुम्ही म्हणालात, "छान, छान. करून टाक." अहो, काय करून टाकू? ज्या चौघांच्या दणदणाटापायी आपण सासुरवाडीत तीस वर्षं टोमणे खाल्ले, ज्यांच्यामुळे आपण नुसते साडू न राहता दोस्त झालो, ते चौघे म्हातारे गिटारी खाली ठेवताहेत आणि तुम्ही छान म्हणता! म्हणून कागद घेतला. कागदाला तरी "हो हो, बरं" म्हणून ठेवून देता येत नाही.

तर बातमी अशी. दर रविवारी दुकान बंद केल्यावर काचांच्या खोक्यांमध्ये बसून आम्ही चौकडीच्या सगळ्या रेकॉर्डी पहिल्यापासून क्रमाने ऐकतोय. मी, दातवाला, लिफ्टवाला आणि भूगोलवाल्या बाई. दातवाला अजून कवळ्याच बनवतो, लिफ्टवाला अजून लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, बाई मात्र शाळेतून सुटल्या. तुम्ही नोकरी संपवून त्या गावाला राहायला गेलात तरी तुमची खुर्ची आहे. तिच्यावर लिफ्टवाला पिशवी ठेवतो. आठ रेकॉर्डी झाल्या, आता नववी.

नववी म्हणजे राखाडी. कव्हरवर चित्र नाही, नाव नाही, नुसता विझलेल्या चुलीचा रंग. तुम्हाला आठवत असेल, आणली त्या दिवशी आपण सगळे कान टवकारून बसलो होतो. तुम्ही बाटल्यांच्या कारखान्यात आयुष्यभर बाटलीवर टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखायचात, म्हणून आपल्या खोलीत तुमचा कान म्हणजे शेवटचा शब्द. तिसऱ्या गाण्याला तुम्ही सुई उचललीत आणि म्हणालात, "ही झोपेची गोळी आहे." संपलं. तेव्हापासून ती कोणी लावली नाही. लिफ्टवाला म्हणतो आत्ताही नको, सरळ दहावी लावू.

पण हल्ली वारं फिरलंय. बाईंनी एक मासिक आणलं, त्यात लोक लिहिताहेत की चौकडीवर सगळ्यात मोठा अन्याय झाला तो राखाडीच्या बाबतीत. तेव्हा कृपा करून ती एकदा पूर्ण ऐका आणि दोन ओळी पाठवा. मी बैठकीत वाचून दाखवीन. तुमच्या शब्दावर ती पडली होती, उठली तर तुमच्याच शब्दावर उठेल.

आमची ही म्हणते की ताई फोनवर तुटक बोलतात. सगळं ठीक ना?

धाकटा साडू


२० फेब्रुवारी

चि. चष्मेवाले,

हे पत्र वाचून झाल्यावर गल्ल्यात टाकून कुलूप लाव. यातलं या कानाचं त्या कानाला कळता कामा नये, आणि धाकटीच्या कानाला तर मुळीच नाही. धाकटीला कळलं की संध्याकाळच्या आत थोरलीला कळतं. तू शपथ घेतलीस असं धरून पुढे लिहितो.

माझे कान गेले.

पूर्ण नाही. डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवून डोक्याला घंगाळाएवढे हेडफोन लावले, आणि नंतर एक आलेख काढून दाखवला. डावीकडे टेकडी, उजवीकडे सरळ दरी. म्हणाले, कारखान्यात इतकी वर्षं काचेचा खणखणाट ऐकलात, त्याने वरचे सूर खाल्ले. खालचे शाबूत आहेत. म्हणजे मला ट्रक ऐकू येतो, दाराची घंटा नाही. शेजारचे आजोबा खोकले की कळतं, किटली शिट्टी मारते ते कळत नाही. तुझा फोनवरचा आवाज गादीखाली ठेवलेल्या रेडिओसारखा येतो. एक यंत्र दिलंय कानात घालायला. ते घालून पेपर उलटला तर पत्रे पडल्यासारखे वाटले. ड्रॉवरमध्ये ठेवून दिलंय.

तुझं पत्र यायच्या आधीच मी सगळ्या रेकॉर्डी लावून पाहिल्या होत्या. निरोप घ्यायला म्हण. पहिलीतला तो सुरुवातीचा गिटारचा जाळ, ज्याच्यासाठी आपण केस वाढवले, तिथे आता नुसती हवा आहे. पाचवीत गायक जिथे किंचाळतो तिथे मला तो तोंड उघडून जांभई देताना दिसतो. झांजा तर सगळ्याच गेल्या. मी दुपारभर एकेक रेकॉर्ड चढवत आणि उतरवत होतो. शेवटी खालच्या कप्प्यात राखाडी राहिली. म्हटलं, हिचं तरी काय जाणार आहे, हिच्यात होतंच काय.

अरे, ती सगळी ऐकू आली.

पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी. बेस जमिनीवरून चालत आला आणि खुर्चीच्या पायातून माझ्यात चढला. गिटार इतकी खाली होती की ती पोटात वाजत होती. आणि गायक! तो ओरडत नाही त्यात, तुला आठवतं? आपण म्हणालो होतो, हा झोपेत गातोय. तो माझ्या शेजारी बसून गात होता. पडद्यातून ऊन आलं होतं, धूळ तरंगत होती, आणि मी स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवून बसलो होतो. दुसरी बाजू लागली तेव्हा मी जागा होतो की नव्हतो, सांगता येत नाही. पाण्याच्या तळाशी कोणीतरी दिवा लावून बसलंय आणि आपण हळूहळू तिकडे जातोय, असं काहीसं. एवढंच वाचून दाखव त्यांना. कानांचं काही बोलू नकोस.

आता खरं दुखणं सांगतो. तुझ्या मेहुणीचा आवाज गेला. तिचा घसा नव्हे, माझ्या कानातून गेला. ती पहिल्यापासून बारीक आवाजाची, आणि डॉक्टर म्हणालेच होते की बारीक आवाज आधी जातात. बाकीचे हळूहळू गेले, हा मात्र डिसेंबरात एका संध्याकाळी दिवा मालवावा तसा गेला. ती घरात वावरते, समोरून जाते, ताट ठेवते, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. दूधवाल्याचं ऐकू येतं, शेजाऱ्याचं येतं, हिचं नाही. तिला काय सांगू? की जगातला नेमका तुझाच आवाज मला येत नाही? म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघायचंच टाळतो. बघितलं आणि तिने काही विचारलं तर? पेपरात डोकं घालतो आणि अंदाजाने "बरं" म्हणतो. अजून पकडला गेलो नाही. पण तो आवाज मला हवाय रे. बाकी सगळं गेलं तरी चाललं असतं.

थोरला


५ मार्च

थोरले साडू,

पत्र गल्ल्यात आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. हिने तीनदा विचारलं, "काय लिहिलंय एवढं?" मी म्हटलं, राखाडीविषयी. ती म्हणाली, "चार पानं?" मी म्हटलं, दुसऱ्या बाजूविषयी पण आहे. खोटं बोललो नाही.

तुमचं वाचून मी दोन दिवस चष्मे चुकीच्या खोक्यांत ठेवले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण बैठकीचं सांगतो, तुम्हाला बरं वाटेल.

पाण्याच्या तळाशी लावलेल्या दिव्याचा भाग मी वाचला. लिफ्टवाला म्हणाला, "थोरल्यांचं वय झालं." मग आम्ही राखाडी लावली. खरं सांगू? आम्हाला पूर्वी वाटली तशीच वाटली. जड, गढूळ, कुठे चमक नाही. दातवाला घड्याळ बघायला लागला. मला राहवलं नाही. तुमचं गुपित मी फोडलं नाही, पण म्हटलं, आपण एक गंमत करू, कानात बोळे घालून ऐकू. दातवाल्याच्या खिशात ते फोमचे बोळे असतातच, कवळ्या घासताना घालतो ते. चौघांनी घातले. खोलीतला पंखा गेला, रस्ता गेला, लिफ्टवाल्याचं बोलणं गेलं ही आणखी एक सोय झाली. मी सुई पुन्हा पहिल्या गाण्यावर ठेवली.

आणि मग ते आलं. कसं लिहू? अंधाऱ्या खोलीत डोळे सरावतात ना, तसे कान सरावले. गढूळ वाटत होतं ते गढूळ नव्हतं, तिथे खाली माणसं होती. चार माणसं हळू हळू एकमेकांशी बोलत होती. तिसऱ्या गाण्यात, तुम्ही सुई उचललीत त्याच्या थोडं पुढे, बेस आणि गायक एकच सूर धरतात आणि दोघांपैकी कोण कुठला ते कळेनासं होतं. ते आपण कधी ऐकलंच नव्हतं. बाईंनी डोळे मिटले होते. लिफ्टवाला गाणं संपल्यावरही हलला नाही. नंतर म्हणाला, खड्ड्यात खाली एकटा असतो आणि वर कुठेतरी लिफ्ट चालू होते, तेव्हा असं वाटतं.

बोळे काढल्यावर बाई म्हणाल्या, "या रेकॉर्डवर झांजा नाहीतच." आम्ही पुन्हा तपासलं. नाहीत! सबंध रेकॉर्डवर एक नाही. मग त्यांनी मासिक काढलं. त्यात ड्रमवाल्याची मुलाखत आहे. त्या वर्षी त्याचा उजवा खांदा धरला होता, हात छातीच्या वर जात नव्हता. गायकाचे वरचे सूर गेले होते. मग चौघांनी ठरवलं, जे पोहोचत नाही ते सोडायचं. गिटारी खाली लावल्या, गाणी खाली आणली, झांजांचे स्टँड खोलीबाहेर नेऊन ठेवले. आपण समजलो ते थकले. ते थकलेच होते हो. पण त्यांनी लपवलं नाही, तेवढ्यातच राहून गायले.

मतं घेतली. तीन विरुद्ध एक, राखाडी चांगली. एक म्हणजे बाई. त्या म्हणतात, "रेकॉर्ड अजूनही वाईटच आहे. पण खरी आहे. दोन्ही असू शकतं." वाद चालू आहे, चहा तीनदा झाला.

आता लहान तोंडी मोठा घास घेतो. ताईंना सांगून टाका. त्या रागावतील, पण कळेल तरी.

धाकटा


१५ मार्च

चि. चष्मेवाले,

बोळे घातलेत! चार शहाणी माणसं, दार लावून, कानात बोळे! मी हसलो तर शेजारचे आजोबा बघायला आले. पत्र चारदा वाचलं. ड्रमवाल्याच्या खांद्याचं वाचून मात्र राखाडी पुन्हा पहिल्यापासून लावली. लिफ्टवाल्याला सांग, त्याची उपमा माझ्या दिव्यापेक्षा चांगली आहे, आणि खुर्चीवरची पिशवी काढ म्हणावं.

मी रोज दुपारी राखाडी लावतो. आता तिच्यात खोल्या दिसायला लागल्यात. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात एक लांब ओसरी आहे, तिथे कोणी नाही. पुढच्या गाण्यात कोणीतरी कपडे घड्या करतंय. हे शब्दांत नाहीये, शब्द मला नीट कळलेही नाहीत कधी. पण बेस चालतो तसा मी चालतो आणि शेवटच्या गाण्यात नेहमी एका दारापाशी येऊन थांबतो. दार उघडत नाही, पण पलीकडे थोरली बोलत असते. काय बोलते ते कळत नाही, पण आवाज तिचा. सुई मधोमध जाऊन खरखरायला लागली की ती खरखर मला ऐकू येत नाही. ती थोरलीलाच ऐकू येते, मग ती येऊन रेकॉर्डचं यंत्र बंद करते. तेवढ्यापुरती माझ्या शेजारी उभी असते. मी डोळे मिटून पडून राहतो.

तू सांगतोस तिला सांग म्हणून. नाही रे होत. तू तिच्या जागी उभा राहून बघ. मला दूधवाला ऐकू येतो आणि ती नाही, हे कुठल्या बायकोला सांगायचं?

आणि आमचं तसं बरं चाललंय. ती काय म्हणत असेल ते मी मनात रचतो. सकाळी ती ओट्याशी पाठ करून उभी असते तेव्हा मी ठरवतो, आता म्हणाली असेल लिंबं संपलीत. मग म्हणतो, "बरं, आणतो," आणि लिंबं आणतो. परवा आणली तर टोपलीत आधीच सात होती. तिने टोपली आपटली. ती ऐकू आली. कधी कधी मला वाटतं ती माझ्यावर चिडलेली आहे, पण विचारू कसं? विचारलं तर उत्तर देईल, आणि उत्तर ऐकू येणार नाही.

शपथ लक्षात आहे ना?

थोरला


२२ मार्च

धाकटे,

फोनवर खोदून खोदून विचारतेस, पण हे घरातच असतात. गॅलरीत जाऊन दोन शब्द कुजबुजते तेवढेच, जास्त बोलू कशी? म्हणून लिहिते. तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव हवं तर, त्याच्याच दोस्ताचे प्रताप आहेत.

आमचा अबोला चालू आहे. डिसेंबरापासून.

तुला सांगितलं होतं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बायकांचं समूहगान असतं, तिथे मी जायला लागले. साठीला आले, म्हटलं आता तरी. एका तरुण मुलीकडून शिकायचं म्हणजे आधी लाज वाटली. पण मला यायला लागलं ग. एक गाणं एकटीने म्हणायला दिलं होतं. मी आठवडाभर न्हाणीघरात म्हणून पाहिलं. मग एका संध्याकाळी हे पेपर वाचत बसले होते, मी ओट्याशी उभी राहून म्हटलं. सबंध. यांच्याकडे पाठ करून, कारण तोंडाकडे बघून म्हणवलं नसतं. तीस वर्षं यांचा तो दणदणाट मी घरात सहन केला, म्हटलं तीन मिनिटं हे माझं ऐकतील. संपल्यावर वळले. हे म्हणाले, "पंखा कुरकुरतोय वाटतं. तेल घालायला हवं."

मी त्या क्षणी तोंड मिटलं. ठरवलं, विचारतील, का ग बोलत नाहीस, तेव्हाच बोलेन. अग, विचारलंच नाही! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आता उन्हाळा आला. उलट काही न बोलता "बरं" म्हणतात. मी भिंतीकडे बघून उभी, आणि हे मागून "बरं, आणतो". माझ्या अबोल्याची टिंगल करतात! लिंबं आणून टाकतात. माझ्याकडे डोळे वर करून बघत नाहीत. आणि दुपारभर ती राख फासलेली रेकॉर्ड लावून डोळे मिटून पडतात. ती संपली की मीच जाऊन बंद करते, नाहीतर सुई झिजेल.

सगळ्यात वाईट काय सांगू? रागाचं एवढं नाही. मला वाटतं, यांचा कान खोटा बोलत नाही. खरंच कुरकुरत असेन.

तुझी ताई


२६ मार्च

थोरले साडू,

ही रात्री जेवताना ताईंचं पत्र मोठ्याने वाचत होती. मला ठसका लागला, पाणी नाकातून आलं. ही म्हणाली, "हसताय काय?" मी हसत नव्हतो.

शपथ मोडलेली नाही. तुमच्या कानांविषयी मी हिला चकार शब्द बोललो नाही. पण ताईंच्या तोंडाविषयी तुम्हाला काही न सांगण्याची शपथ मी घेतलेली नव्हती, म्हणून लिहितो. शांतपणे वाचा.

तुम्हाला ताईंचा आवाज येत नाही, कारण त्या बोलत नाहीयेत.

अबोला धरलाय त्यांनी. डिसेंबरापासून. तुम्ही दोघं एका घरात, एक बोलत नाही आणि दुसरा ऐकू येत नाही समजून बघत नाही! डिसेंबरात त्या ओट्याशी उभ्या राहून तुमच्यासाठी गायल्या होत्या. तुम्ही म्हणालात पंखा कुरकुरतोय. पत्राची नक्कल सोबत जोडतो, हिच्या नकळत केलीय, अक्षर समजून घ्या.

तुमचे कान किती गेलेत ते डॉक्टरांना माहीत. पण त्यांचा आवाज गेलाय की नाही, हे तुम्हाला अजून ठाऊकच नाही. आहेही कदाचित. नसेलही. ते बघायला तुम्हाला त्यांच्याकडे वर बघावं लागेल, आणि हे पत्र त्यांच्या हातात द्यावं लागेल. माझ्यावर काय राग काढायचा तो नंतर काढा.

धाकटा


८ एप्रिल

थोरले साडू,

उत्तर नाही. फोन तुम्ही उचलत नाही आणि ताईही उचलत नाहीत. रविवारी बैठकीत कोणाचं लक्ष नव्हतं. काही वावगं झालं असेल तर एक ओळ लिहा. बरं झालं असेल तरी लिहा.

धाकटा


१७ एप्रिल

चि. चष्मेवाले,

उशीर झाला. घरात इतकं बोलणं चालू होतं की लिहायला उसंत नव्हती.

तुझं पत्र मी जिन्यातच वाचलं. वर गेलो आणि जेवताना पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. ताट वाढल्यापासून शेवटच्या घासापर्यंत बघितलं. ओठ बंद. एकदाही हलले नाहीत. इतके महिने मी त्या बंद तोंडात वाक्यं भरत होतो. मग तुझं पत्र आणि तिच्या पत्राची नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिचा चष्मा सापडेना, माझा दिला.

वाचून तिने मान वर केली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही?"

आलं रे. सगळं नाही. कडा झिजलेल्या होत्या, अर्धी अक्षरं हवेत गेली, पण आवाज तिचा, शंभर जणींत ओळखावा असा. मी रडलो. ताटावर बसून रडलो, तिने उष्ट्या हाताने माझं डोकं धरलं. त्यानंतर ती जी बोलायला लागली ती डिसेंबरापासूनचं सगळं बोलली. मला निम्मं कळलं. मधे थांबवलं नाही, विचारलं नाही. तू म्हणशील नुसतं निम्मं, पण मी शून्यावरून आलो होतो. शिव्याही पुष्कळ होत्या त्यात. त्या बहुधा सगळ्या ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी तिने ड्रॉवरमधून यंत्र काढून स्वतःच्या हाताने माझ्या कानात बसवलं. अजून पेपर उलटला की पत्रे पडतात, पण ती म्हणते पेपर कमी वाचा.

मी तिला म्हटलं, ते गाणं म्हण. ती नाही म्हणाली. मी गयावया केली तरी नाही. मग हळूच सांगितलं. तिच्या आवाजाची वरची टोकं यंदा तिलाच पोहोचेनाशी झालीत. त्या मुलीने फेब्रुवारीत तिला पुढच्या रांगेतून उठवून मागे, खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांत उभं केलं. एकटीचं गाणं दुसरीला दिलं. हे ती कोणालाच बोलली नव्हती, धाकटीलाही नाही. म्हणाली, "शनिवारी कार्यक्रम आहे. मागच्या रांगेतली बायको बघायला यायचं तर या."

गेलो. वाचनालयाचा वरचा मजला, खिडक्या उघड्या, वीसेक माणसं लोखंडी खुर्च्यांवर. मी तिसऱ्या रांगेत, कानात यंत्र घालून, हुकूम होता तसा. पुढच्या रांगेतल्या मुली गायल्या ते सगळं पत्र्यावर चमचे पडावेत तसं आलं. मी गुपचूप यंत्र काढून खिशात टाकलं. एकदम शांत झालं. पुढच्या मुलींची तोंडं उघडत होती आणि मिटत होती, पडद्यामागे असल्यासारखी. मला वाटलं, आता काहीच येणार नाही, नुसतं बघायचं.

मग मागची रांग सुरू झाली. आठ बायका, सगळ्या आपल्या वयाच्या, कोणी काठी धरलेली, कोणी खांदा पाडून उभी. त्यांनी एक सूर धरला आणि तो फळीवरून, खुर्चीच्या पायातून, माझ्या गुडघ्यात आला. तुमच्या भूगोलवाल्या बाई राखाडीविषयी म्हणाल्या तसंच होतं ते. फार चांगलं नव्हतं. एकजण मागे पडत होती, कोणाला तरी मधेच दम लागत होता. पण मी एक अक्षर सोडलं नाही. थोरली डावीकडून चौथी, निळ्या साडीत, माझ्याकडे न बघता गात होती.

त्या आठ आवाजांत तिचा कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मी सगळाच तिचा धरला.

थोरला